लोअर हटचा जुना बाजार

वेलिंग्टनला आमच्याकडे पाहुणे आले की पहिल्या दिवशी आम्ही त्यांना केबल कारमधून फिरवतो, दुसऱ्या दिवशी ते पापा म्यूझियम दाखवतो आणि तिसऱ्या दिवशी, वाऱ्याने कृपा केली तर, आमच्या लोअर हटमधल्या ऑप शॉप्सची फेरी काढतो. पाहुणे आपल्याकडचे असले की ह्या तिसऱ्या कार्यक्रमाला जरा बिचकतात. "म्हणजे जुने कपडे?" असं आधी विचारतात, आणि मग आवाज खाली आणून, "लोकांनी घातलेले?"

त्यांना हसायचा आम्हाला मुळीच अधिकार नाही. आमचीही सुरुवात ह्याच प्रश्नापासून झाली.

लोअर हट हे वेलिंग्टनच्या बंदराच्या उत्तर टोकाला, हट नदीच्या खोऱ्यात वसलेलं गाव. माओरी भाषेत नदीचं नाव ते आवा कायरांगी. वेलिंग्टनहून गाडी समुद्राच्या अगदी कडेकडेने येते आणि वीस-पंचवीस मिनिटांत वॉटर्लू स्टेशनवर उतरवते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे सपाट जमीन, लाकडी घरं आणि प्रत्येक घरामागे कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी. राजधानीत ऑफिसं आणि कॉफीची दुकानं, तर हटमध्ये कारखाने, कामगार आणि स्वस्त भाडी, अशी जुनी वाटणी होती. पुण्यामुंबईच्या माणसाला पिंपरी-चिंचवड म्हटलं की पुरे!

आम्ही इथे आलो ते मे महिन्यात, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर. बॅगेत पुण्याच्या थंडीचे स्वेटर. घरमालकाकडे चार आठवड्यांच्या भाड्याइतका बाँड भरला, एक जुनी गाडी घेतली, आणि बँकेतला आकडा बघायचं बंद केलं. इथल्या जुन्या लाकडी घरांत हिवाळ्यात असा गारठा असतो की बाहेर ऊन पडलं तर माणसं ऊब घ्यायला अंगणात येतात. ह्या थंडीने इथे एक उद्योगही जन्माला घातला आहे. सॅम मॉर्गन नावाचा वेलिंग्टनचा तरुण आपल्या गारठलेल्या घरासाठी जुना हीटर शोधत होता, तो धड मिळेना, आणि त्यातून त्याने १९९९ साली 'ट्रेड मी' ही जुन्या वस्तूंच्या लिलावाची वेबसाइट काढली. २००६ मध्ये ती सत्तर कोटी डॉलर्सना विकली गेली. आम्हालाही थंडी तेवढीच वाजत होती, पण आम्हाला काही असं सुचलं नाही.

आम्हाला सुचवलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. आमच्या तीन स्वेटरांच्या थराकडे बघून तो म्हणाला, "ऑप शॉपमध्ये का जात नाही?" तिथे लोकरीचा, अस्तर लावलेला, गुडघ्यापर्यंतचा एक कोट आठ डॉलरला मिळाला. नवा घेतला असता तर दोनशेच्या खाली आला नसता. खिशात बसचं जुनं तिकीट आणि एक पेपरमिंटची गोळी होती. कोट ऊबदार होता, मापाचा होता, आणि तरी पहिले काही दिवस तो घालताना अंगावर आणखी कोणीतरी असल्यासारखं वाटे. गणपतीच्या कार्यक्रमात एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "छान आहे कोट, कुठून घेतलात?" आम्ही म्हणालो, "सेलमध्ये." बाप्पासमोर!

'ऑप शॉप' म्हणजे 'ऑपर्च्युनिटी शॉप'चं लाडकं रूप. अमेरिकेत थ्रिफ्ट स्टोअर, इंग्लंडात चॅरिटी शॉप, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ऑप शॉप. अर्थ सरळ आहे : संधीचं दुकान. पण ही संधी नेमकी कोणाची, हे उमगायला आम्हाला दोन हिवाळे आणि आईची एक फेरी लागली.

फेरीची सुरुवात पिटोनीच्या जॅक्सन स्ट्रीटवरून करावी. १८४० च्या जानेवारीत 'ऑरोरा' जहाजातून इंग्रज वसाहतवाले उतरले ते ह्याच किनाऱ्यावर. आज रस्त्यावर चीज, कॉफी आणि शोभेच्या वस्तूंची दुकानं आहेत, आणि अधूनमधून ऑप शॉपही. आत शिरलं की पहिल्यांदा जाणवतो तो वास : धुतलेली लोकर, जुनी पुस्तकं आणि कुठेतरी मुरलेली डांबराची गोळी. आपल्या आजीच्या ट्रंकेचाच वास म्हणा ना. कपडे रंगांप्रमाणे लावलेले. एका भिंतीशी कपबश्या, त्यांत क्राउन लिनचा शिक्का असलेली बशी मिळाली तर शौकीन लोक नाचतात, कारण ऑकलंडचा तो कारखाना १९८९ मध्ये बंद झाला. कायापोई आणि मॉसगील गिरण्यांची जाडजूड, काठ शिवलेली ब्लँकेटं. आपल्याकडे सोलापुरी चादर जशी वर्षानुवर्षं टिकते तशी ही टिकतात. जिगसॉच्या खोक्यावर कोणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, 'एक तुकडा कमी आहे.' आणि एकदा तर एका टोपलीत आम्हाला चक्क पितळी सोऱ्या सापडला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बिस्किटांचं यंत्र, बहुधा अपुरं.' शेवेची आणि चकलीची ताटली जागच्या जागी होती! तीन डॉलर देऊन आम्ही त्याला घरी आणलं आणि त्या दिवाळीला त्याच्या चकल्या मंडळात वाटल्या. कोणत्या मराठी घरातून तो तिथे आला असेल, ह्याचा विचार अजूनही येतो.

पण हटमध्ये ही दुकानं केवळ शौकिनांवर चाललेली नाहीत. पिटोनीचा गियर कंपनीचा मोठा मांसाचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला. सीव्ह्यूला फोर्डचा मोटारींचा कारखाना १९३६ पासून चालू होता, तोही १९८८ मध्ये गेला. नायनाय आणि टायटा ही उपनगरं तर महायुद्धाच्या सुमारास सरकारने कामगार कुटुंबांसाठी घरं बांधून वसवलेली. कारखाने गेले, घरं राहिली, घरांतली माणसं राहिली. अशा गावात शाळेचा युनिफॉर्म, थंडीचं जाकीट, स्वयंपाकाचं पातेलं कुठे स्वस्त मिळतं, ही माहिती घरोघर लागते.

ह्या दुकानांमागच्या संस्थांत एक नाव तर आपल्या ओळखीचं निघालं. 'सॅल्व्हेशन आर्मी फॅमिली स्टोअर' अशी पाटी इथे गावोगाव दिसते. सॅल्व्हेशन आर्मी म्हणजे आपली मुक्तिफौज! अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, बूथ हॉस्पिटल चालवणारी तीच संस्था. विल्यम आणि कॅथरिन बूथ ह्या दांपत्याने १८६५ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत हे काम सुरू केलं. १८८२ च्या सप्टेंबरात फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला अधिकारी तीन साथीदारांसह मुंबई बंदरात उतरला. पुढे तो भगवी वस्त्रं घालून, 'फकीर सिंग' असं नाव घेऊन हिंडला. न्यूझीलंडमध्ये डनीडनला मुक्तिफौज आली ती १८८३ मध्ये. म्हणजे इथे येण्याच्या आधीच ही मंडळी मुंबईत पोचली होती! बूथने १८९० साली एक पुस्तक लिहिलं, त्यात लंडनच्या घराघरांतून टाकाऊ कपडे आणि वस्तू गोळा करून त्यांवर बेकारांना काम द्यायची योजना मांडली होती. १९०२ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला एडगर हेल्म्स ह्या धर्मोपदेशकाने तेच केलं : श्रीमंतांकडचे जुने कपडे आणायचे, गरिबांकडून ते दुरुस्त करून घ्यायचे, त्यांना मजुरी द्यायची. त्यातून 'गुडविल' उभी राहिली. म्हणजे माल जुना आणि काम नवं, ही जोडी पहिल्यापासूनच आहे.

हे सगळं आम्ही उत्साहाने आईला सांगत होतो. ती दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती. तिने ऐकून घेतलं आणि खुंटीवरच्या कोटाकडे बोट दाखवून विचारलं, "हा तिथला?" खोटं बोलणं जमलं नाही. आईचा चेहरा उतरला. "अरे, एवढे शिकलात, एवढ्या लांब आलात, ते लोकांचे उतरलेले कपडे घालायला?"

मग त्या रात्री तिने आम्हाला, इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती अशी एक गोष्ट सांगितली. ती लहान असताना वाईला नात्यातल्या एकाची मुंज होती. घरची परिस्थिती बेताची. मामेबहिणीचा लहान झालेला परकर आजीने उसवून, शिवून आईला घातला होता. पंगतीच्या आधी सगळ्या मुली अंगणात खेळत होत्या, आणि ती बहीण एकदम ओरडली, "अय्या, हा तर माझा परकर! हा बघा इथे आमसुलाचा डाग!" सगळ्या हसल्या. बहिणीच्या मनात वाईट काही नव्हतं, असं आईने दोनदा सांगितलं. पण आई त्या पंगतीत जेवली नाही. "तेव्हापासून ठरवलं, फाटकं चालेल, पण आपलं हवं."

ह्यावर आम्ही काय बोलणार? मुक्तिफौजेचा इतिहास तिथल्या तिथे विरून गेला.

आईला दुकानात नेलं ते आमच्या मुलीने. तिच्या शाळेत मुफ्ती डे होता, म्हणजे एक-दोन डॉलर देणगी देऊन घरचे कपडे घालून जायचा दिवस. इथल्या मुलींना ऑप शॉपची मुळीच लाज नाही. उलट "हे मला ऑप शॉपमध्ये सापडलं" असं त्या मिरवून सांगतात. मैत्रिणीसारखा ड्रेस आपल्या अंगावर असू नये, ही त्यांची खरी काळजी! आजी नातीला नाही म्हणू शकली नाही.

त्या दिवशी आम्ही हॉस्पिसच्या दुकानात गेलो. लोअर हटमध्ये वोबर्न रोडवर ते ओमांगा हॉस्पिस आहे. १९७९ साली सुरू झालेलं, न्यूझीलंडमधल्या अगदी पहिल्या हॉस्पिसांपैकी एक. शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा तिथे विनामूल्य होते. खर्चाचा काही भाग सरकार देतं, उरलेला समाजाकडून उभा करावा लागतो, आणि त्यात ह्या जुन्या कपड्यांच्या दुकानांचा वाटा असतो. आईने हे ऐकलं, पण ती बघत होती वेगळंच. रांगेत आमच्या पुढे मोत्यांचे डूल घातलेली एक आजी होती, तिच्यापुढे तीन मुलांना घेऊन आलेली एक सामोअन बाई, मागे दोन शाळकरी मुली. गल्ल्यावरच्या बाई प्रत्येकाला सारख्याच सुरात "थँक यू, लव्ह" म्हणत होत्या. कोण हौसेने आलं आहे आणि कोण गरजेने, ते ओळखू येत नव्हतं.

आईने हळूच विचारलं, "हे कोणाचं होतं ते कुणालाच माहीत नसतं?"

"नाही."

"आणि कोण नेतं तेही?"

"तेही नाही."

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बोहारणीसारखंच की. तिला दिलेली साडी पुढे कोण नेसलं ते कधी कळायचं नाही." आणि तिने एक मरून रंगाचा लोकरी कोट हँगरवरून काढला, आरशात बघितला, आणि स्वतःच्या पर्समधून बारा डॉलर मोजून दिले. आम्ही पैसे पुढे केले ते तिने घेतले नाहीत.

आईच्या ह्या एका कृतीने आम्हाला ऑप शॉपचं मर्म कळलं. चिठ्ठीवरची ती छोटीशी किंमत फक्त धंद्यासाठी नसते. फुकट दिलेल्या कपड्याबरोबर देणाऱ्याचा चेहराही येतो. दोन डॉलर मोजले की तो चेहरा पुसला जातो आणि घेणारा माणूस गिऱ्हाईक होतो. त्याला आवड-निवड करता येते, 'हा रंग नको' म्हणता येतं. आपल्याकडे १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेनेही हेच ओळखलं आहे. शहरातले जुने कपडे ती खेड्यांत नेते, पण वाटत नाही. गावकरी मिळून विहीर साफ करतात, रस्ता बांधतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात.

आता गल्ल्याच्या पलीकडची बाजू. टायटाजवळ विंगेट नावाच्या औद्योगिक भागात 'अर्थलिंक' ही संस्था आहे. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू निवडून, दुरुस्त करून ती विकते. पण तिचं खरं काम माणसांचं. मानसिक आजारातून उठलेल्या किंवा इतर कारणांनी नोकरीच्या बाजारातून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसांना ती तिथे कामाची सवय आणि शिक्षण देते. आम्ही इंजिनियर लोक 'रीसायकलिंग' म्हटलं की टन आणि टक्के मोजायला लागतो. इथे मोजायचं ते आणखी काहीतरी आहे : सकाळी आठला हजर राहणारा, आपल्या नावाची पट्टी छातीला लावणारा माणूस. न्यूझीलंडमध्ये अपंगांच्या आश्रित कार्यशाळांसाठी १९६० चा एक वेगळा कायदा होता, त्यामुळे किमान वेतनासारखे नेहमीचे कामगार नियम त्यांना लागू होत नसत. तो २००७ मध्ये रद्द झाला. काम करणारा तो कामगार, दयेचा विषय नव्हे, हे कायद्याने मान्य केलं. पुण्यात १९९३ साली कचरावेचक बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तीही ह्याच हक्कासाठी.

आमच्या घरातही ह्याचा अनुभव आहे. आमच्या सौ.ना भारतात बँकेतला दहा वर्षांचा अनुभव, पण इथे प्रत्येक अर्जाला एकच उत्तर : 'स्थानिक अनुभव नाही.' शेवटी त्या एका ऑप शॉपमध्ये आठवड्यातून दोन सकाळी विनावेतन जाऊ लागल्या. मागच्या खोलीत आलेल्या पिशव्या उपसायच्या, निवड करायची, चिठ्ठ्या लावायच्या. बरोबर एक निवृत्त शिक्षिका, कोर्टाने तुरुंगाऐवजी समाजसेवेचे तास लावलेला एक तरुण, आणि डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा. तो मापाप्रमाणे कपडे इतके बिनचूक लावायचा की इतरांच्या चुका तोच काढायचा. सौ. तिथे कीवी बोली शिकल्या, गल्ला सांभाळायला शिकल्या, आणि मुख्य म्हणजे 'रेफरन्स' द्यायला इथलं एक माणूस मिळालं. सात महिन्यांनी त्यांना हिशेबखात्यात पगाराची नोकरी लागली. 'संधीचं दुकान' हे नाव आम्हाला त्या दिवशी पटलं. अर्थात विनावेतन काम हे विनावेतनच असतं, त्याने भाडं भरता येत नाही, आणि सगळ्यांनाच पुढे नोकरी लागते असंही नाही. नव्या मंडळींनी हे समजून उमजूनच जावं.

आणखी एक तक्रार, आणि ती दुकानांची नाही, आपल्यासारख्या देणाऱ्यांची. सोमवारी सकाळी दुकानाच्या दारात पिशव्यांचा ढीग असतो. त्यांत भिजलेल्या गाद्या, एकेकटे बूट, डागाळलेले टी-शर्ट. हे दान नव्हे, फुकटात उरकलेला कचरा. दुकानाला तो पैसे देऊन डंपिंगला पाठवावा लागतो, आणि सरकारचा कचऱ्यावरचा अधिभार २००९ मध्ये टनाला दहा डॉलर होता तो २०२४ मध्ये साठवर गेला. हॉस्पिससाठी मिळवलेले पैसे असे कचऱ्यात जातात. सख्ख्या बहिणीला देताना लाज वाटेल ते पिशवीत घालू नये, एवढा साधा नियम पाळला तरी पुरे.

नव्याने आलेल्यांसाठी दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. विजेचं उपकरण तपासून चालू करून दाखवलं तरच घ्यावं (आमच्या एका टोस्टरने पहिल्याच दिवशी अख्ख्या घराचे दिवे घालवले), आणि लहान मुलांची कार सीट व सायकलचं हेल्मेट मात्र नवंच घ्यावं. बाकी लोकर, पुस्तकं, भांडी, खेळणी ह्यांत चूक होत नाही.

असो. आईचे सहा महिने संपले. तो मरून कोट तिने सबंध थंडीत घातला. परत जायच्या आदल्या दिवशी तिने तो उन्हात टाकला, ब्रशने झाडला. एक बटण सैल झालं होतं. मरून दोरा घरात नव्हता, म्हणून तिने ते हिरव्या दोऱ्याने घट्ट शिवलं. कोट घडी करून आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "दुकानात देऊन या. खिसे बघितलेत मी."

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी आम्ही वॉटर्लू स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. वारा नेहमीचाच. समोर बाबागाडी घेऊन एक तरुण बाई उभी होती. अंगात मरून कोट, आणि वरून तिसऱ्या बटणाला हिरवा दोरा. मुलीने ओळखलं. तिने बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि आम्ही तिचा हात दाबला. गाडी आली. त्या बाईला बाबागाडी चढवायला आम्ही हात दिला. "चिअर्स," ती म्हणाली, आणि पुढच्या डब्यात गेली.

रात्री पुण्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिला नीट बसत होता ना रे?"